ग्रंथालयात गावाचा आवाज

महाविद्यालयाचे ग्रंथालय म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे एक ठरावीक चित्र उभे राहते. लोखंडी कपाटे, त्यांत क्रमांकाच्या चिठ्ठ्या लावलेली पुस्तके, देवघेवीची खिडकी आणि भिंतीवर ‘शांतता राखा’ अशी पाटी. परीक्षा जवळ आली की तेथे गर्दी होते. परीक्षा संपली की तेच ग्रंथालय ओस पडते. अशा त्या ग्रंथालयाचा आणि शेतात राबणाऱ्या माणसाचा, गावच्या शाळेतल्या गुरुजींचा किंवा बाईंचा संबंध काय, असे कोणी विचारले तर ते गैर नाही. आजवर तो संबंध फारसा नव्हताच. पण तो असावयास हवा, आणि मनात आणले तर तो जोडता येतो, एवढेच मला आज सांगायचे आहे.

त्यासाठी तीन साधे प्रश्न घेऊ. ग्रंथालयात कोणाकोणाचे जीवन सापडते? तेथे ठेवलेले ज्ञान कोणाकोणाला मिळते? आणि जे कधी लिहिलेच गेले नाही, ते तेथे कसे यावे?

पहिला प्रश्न आधी घेतो. आपल्या देशात ग्रंथालयशास्त्राचा पाया घालणारे डॉ. रंगनाथन हे मुळात गणिताचे प्राध्यापक. १९२४ साली ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि १९३१ साली त्यांनी या शास्त्राचे पाच सिद्धांत मांडले. त्यांतला एक असा, की प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक मिळाले पाहिजे. वाक्य लहान आहे, पण ते पाळायचे म्हटले की अवघड होऊन बसते. कारण आधी वाचक कोण, हे पाहावे लागते.

आज तालुक्याच्या महाविद्यालयात कोण शिकायला येते? नंदुरबारकडे भिली किंवा पावरी बोलणारी मुलगी येते. गडचिरोलीकडे माडिया बोलणारा मुलगा येतो. मराठवाड्यात तांड्यावरून आलेली पोर घरी गोरमाटी बोलते आणि वर्गात मराठी. कित्येकांच्या घरातले महाविद्यालयाची पायरी चढणारे ते पहिलेच माणूस असते. या मुलांना ग्रंथालयात फ्रान्सची राज्यक्रांती सापडते, मोगलांची महसूलपद्धती सापडते. ती त्यांनी वाचलीच पाहिजे. पण आपला तांडा, आपला पाडा, आपल्या आजोबांचा धंदा, आपल्या आईची बोली यांविषयी त्या कपाटात एक ओळही नसेल तर काय होते? आपले घर पुस्तकात नाही, त्या अर्थी ते पुस्तकात येण्याच्या लायकीचेच नसावे, असे त्या मुलीच्या मनाने घेतले तर दोष तिचा नाही, कपाटाचा आहे.

ज्याला डोळ्यांनी वाचता येत नाही, तोही वाचकच. आपल्या कॉपीराइट कायद्यात २०१२ साली दुरुस्ती झाली आणि अंध किंवा अन्य अपंग वाचकासाठी पुस्तकाची ब्रेल प्रत वा श्राव्य प्रत करण्याची मोकळीक मिळाली. याच विषयावरचा माराकेशचा आंतरराष्ट्रीय करार २०१४ साली भारताने सर्व देशांच्या आधी मान्य केला. तेव्हा कायद्याची आडकाठी आता नाही. कोणीतरी बसून पुस्तक वाचून ध्वनिमुद्रित करायचे, एवढेच उरते. विविधता, विविधता म्हणतात ती याहून निराळी नाही. दारातून जो जो आत येतो, त्याला त्याचे काहीतरी सापडावे.

आता कोणी म्हणेल, “अहो, या लोकांवर पुस्तकेच नाहीत, तर ग्रंथपालाने आणायची कोठून?” हे अर्धे खरे आहे. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचे ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक १९८९ साली निघाले. डॉ. आंबेडकरांच्या चळवळीत ज्या स्त्रिया राबल्या, त्यांना या दोघींनी घरोघर जाऊन गाठले, बोलते केले आणि त्यांची हकिकत लिहून घेतली. मुंबईच्या गिरणगावाचा इतिहास मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी गिरणी कामगार आणि त्यांच्या घरच्या माणसांच्या तोंडून मिळवला. ही पुस्तके आज आहेत. परंतु ती कागदपत्रांच्या दप्तरातून तयार झाली नाहीत. कोणीतरी ऐकायला बसले, म्हणून ती झाली. न लिहिलेल्या इतिहासाची गुरुकिल्ली ही अशी ऐकण्यात आहे. त्याला मौखिक इतिहास म्हणतात.

ही पद्धत विद्यापीठांत रुजून फार काळ झालेला नाही. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात अ‍ॅलन नेव्हिन्स या इतिहासकारांनी १९४८ साली तिची रीतसर सुरुवात केली. आरंभी मोठमोठ्या पुढाऱ्यांच्या आणि उद्योगपतींच्या मुलाखती घेत. पुढे ध्वनिमुद्रणाची यंत्रे लहान आणि स्वस्त झाली, तेव्हा कामगार, शेतकरी, स्त्रिया यांच्याकडे लोक वळले. आपल्याकडे मात्र तोंडी परंपरा जपण्याचे मोल जाणकारांना त्याहीपूर्वी कळले होते. साने गुरुजींनी बायकांच्या ओव्या जमवून ‘स्त्रीजीवन’ सिद्ध केले, ते स्वातंत्र्यापूर्वीच.

ओव्यांचा विषय निघालाच आहे, तर एक मोठे काम सांगितले पाहिजे. पुण्याच्या हेमा राईरकर आणि मूळचे फ्रान्सचे, पण इकडचेच होऊन गेलेले गी पॉइटवाँ या दोघांनी सहकाऱ्यांसह मुळशीच्या डोंगराळ भागापासून सुरुवात करून महाराष्ट्रातल्या गावागावांत जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. किती? एक लाखाहून अधिक. हजाराहून जास्त गावांतल्या तीन हजारांहून जास्त बायकांनी त्या सांगितल्या. बर्नार बेल यांनी त्यांतल्या पुष्कळ ओव्यांचे ध्वनिमुद्रण केले. गावोगाव पिठाच्या गिरण्या आल्या होत्या, जाती कोपऱ्यात गेली होती, आणि जात्याबरोबर गळाही बंद होत चालला होता, असा तो काळ. आणखी वीस वर्षांनी हे काम हाती घेतले असते, तर त्यातले किती मिळाले असते? २०१७ पासून ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहाने हा ठेवा संकेतस्थळावर सर्वांसाठी खुला करण्यास आरंभ केला. ज्या बाईने ओवी सांगितली तिचे नाव आणि गाव तिच्या ओवीसोबत येते. पूर्वी छापलेल्या कित्येक लोकगीतांच्या संग्रहांत गाणारी निनावी असे. येथे ती कवयित्री म्हणून उभी आहे.

पण लक्षात घ्या, हे काम काही व्यक्तींनी आणि लहान संस्थांनी जिद्दीने केले. महाविद्यालयाला हे किती सोपे आहे! महाविद्यालय त्या मुलखात कायमचे बसलेले असते. त्याचे विद्यार्थी त्याच गावांतून येतात, तीच बोली बोलतात. राष्ट्रीय सेवा योजना १९६९ साली सुरू झाली. तिचे सात दिवसांचे शिबिर खेड्यात भरते. दिवसा बंधारा बांधायचा, रस्ता झाडायचा. त्यातला एक संध्याकाळचा तास म्हाताऱ्या माणसांपाशी बसून ऐकण्यात घालवला तर?

काय ऐकायचे, ते एका उदाहरणाने सांगतो. बहात्तरचा दुष्काळ. आपल्याकडे हे दोन शब्द उच्चारले की घरातले वडीलधारे माणूस हातातले काम थांबवते. १९७२ साली पावसाने दगा दिला आणि १९७३ च्या उन्हाळ्यापर्यंत लाखो माणसे सरकारी दुष्काळी कामांवर गेली. खडी फोडली, रस्ते केले, पाझर तलाव खणले. परदेशातून आलेला तांबडा मिलो खाल्ला, कामावर सुकडी घेतली. याच अनुभवातून रोजगार हमी योजना वाढली. तिचा कायदा राज्याच्या विधिमंडळाने १९७७ साली केला, आणि पुढे २००५ साली केंद्रानेही त्या वाटेने देशभरासाठी कायदा केला. हे सारे ग्रंथालयात मिळेल. किती मजूर, किती कामे, किती खर्च, याचे तक्ते मिळतील.

परंतु मिलोची भाकर थापताना बायकांना काय त्रास पडे, ते त्या तक्त्यात मिळणार नाही. म्हणून म्हातारीला “दुष्काळ कसा होता हो?” असे विचारू नये. ती म्हणेल, “लई वाईट व्हता बाबा,” आणि विषय संपेल. बारीक विचारावे. कामावर निघताना पोटात काय असे? तान्हे मूल कोठे ठेवीत? मजुरी कोणाच्या हातावर पडे, बाईच्या की नवऱ्याच्या? सुकडी तिथेच खाल्ली, की पदरात बांधून घरी नेली? जनावरे विकली, ती कोणाला? पाणी कोणत्या विहिरीचे? आणि त्या विहिरीवर कोणाला येऊ देत नसत?

हा शेवटचा प्रश्न मुद्दाम सांगितला. दुष्काळ एकच, पण पाटलाच्या वाड्यातला दुष्काळ निराळा, महारवाड्यातला निराळा, धनगराच्या वाडीतला निराळा. एकाच घराची आठवण घेऊन ‘हा आमच्या गावाचा इतिहास’ असे म्हणू लागलो, तर आपणही जुन्या बखरकारांच्याच रांगेत बसलो. चार आळ्यांतली चार माणसे ऐकावीत, त्यांत दोन बाया असाव्यात. आणि हे आत्ताच करायला हवे. बहात्तर साली अठरा वर्षांचा असलेला तरुण आज सत्तरी ओलांडून गेला आहे. थांबून चालायचे नाही.

“पण म्हाताऱ्यांच्या आठवणीवर भरवसा कसा ठेवायचा?” हा प्रश्न शिक्षक हमखास विचारतात, आणि विचारलाच पाहिजे. आठवण चुकते. साल चुकते, आकडा फुगतो. त्यासाठी शाळेचे जनरल रजिस्टर, ग्रामपंचायतीचे दप्तर, जिल्ह्याचे गॅझेटिअर यांच्याशी ती ताडून पाहावी. पण चूक सापडली म्हणून आठवण फेकून देऊ नये. इटलीत तेर्नी नावाचे पोलादाच्या कारखान्याचे गाव आहे. तेथे मार्च १९४९ मध्ये एका निदर्शनात पोलिसांच्या गोळीने लुइजी त्रास्तुल्ली हा कामगार ठार झाला. पुढे अलेस्सांद्रो पोर्तेल्ली या अभ्यासकाने वृद्ध कामगारांना विचारले, तर अनेकांनी ही घटना १९५३ सालची म्हणून सांगितली. १९५३ साली तेथे मोठी कामगारकपात झाली होती आणि रस्त्यावर दंगल उसळली होती. आपला माणूस एका साध्या निदर्शनात मेला, हे त्यांच्या मनाला सोसवेना. म्हणून मनाने त्याचे मरण त्या मोठ्या लढ्यात नेऊन ठेवले. घटना केव्हा घडली हे कागदाने सांगितले. ती लोकांच्या मनात किती खोल गेली, हे मात्र चुकलेल्या आठवणीनेच सांगितले. अभ्यासकाला दोन्ही हवे.

काम कसे करावे, हेही थोडक्यात सांगतो. यंत्र म्हणाल तर हातातला मोबाईल पुरतो. पंखा बंद करावा, जात्या-येत्या रस्त्यापासून दूर बसावे. आरंभीच तारीख, गाव, सांगणाऱ्याचे आणि विचारणाऱ्याचे नाव बोलून घ्यावे. मग आपण गप्प बसावे. हे सर्वांत कठीण. म्हातारे माणूस थांबले की विद्यार्थी घाईने पुढचा प्रश्न टाकतो. थोडे थांबले, तर पुष्कळदा खरी गोष्ट त्या थांबण्यानंतरच बाहेर येते. नंतर ते बोलणे जसेच्या तसे उतरून काढावे. ‘व्हतं’चे ‘होते’ करू नये. बोली सुधारण्याचा मोह शिक्षकांना फार. पण येथे बोली हाच पुरावा आहे.

येथवरचे काम विद्यार्थी करतील. यापुढचे काम ग्रंथपालाचे. मोबाईलमधले ध्वनिमुद्रण मोबाईलबरोबरच हरवते. ग्रंथपालाने त्याला दाखलअंक द्यावा, पुस्तकाची करतो तशी त्याची नोंद करावी, विषय लिहावा, म्हणजे दहा वर्षांनी शोधणाऱ्याला ते सापडेल. दोन प्रती दोन निरनिराळ्या ठिकाणी ठेवाव्यात. एक महाविद्यालयात आणि दुसरी गावच्या वाचनालयात ठेवली तर उत्तम. महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ साली झाला, त्याच्या आधाराने खेडोपाडी वाचनालये उभी राहिली. त्यांच्या कपाटांना या निमित्ताने नवे काम मिळेल. आणि एक प्रत सांगणाऱ्याच्या घरी द्यावीच द्यावी. घेऊन जायचे आणि परत काही द्यायचे नाही, ही सावकारी झाली.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. ठेवलेले ज्ञान कोणाला मिळते? आपल्याच विद्यापीठांत, आपल्याच करांच्या पैशाने संशोधन होते. ते परदेशी नियतकालिकात छापले जाते आणि वाचायचे म्हटले तर भरमसाट किंमत मागतात. या रीतीविरुद्ध २००२ साली बुडापेस्ट येथून एक जाहीरनामा निघाला. संशोधनाचे लेख वाचकाला संगणकावर विनामूल्य, विनाअडथळा मिळावेत, असे त्याचे म्हणणे. यालाच मुक्त प्रवेश म्हणतात.

आपल्याकडे याचे एक उत्तम फळ म्हणजे ‘शोधगंगा’. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमांनंतर पीएच.डी.चे प्रबंध तेथे ठेवले जाऊ लागले. आपल्या तालुक्यातील पिकांवर, बाजारांवर, बोलीवर कोणी प्रबंध लिहिला असेल, तर तो तेथे कोणालाही फुकट वाचता येतो. खेड्यातल्या शिक्षकालाही येतो, हे पुष्कळांना ठाऊक नाही. तसेच जुन्या ग्रंथांचे. आपल्या कायद्याने लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी ग्रंथ सर्वांचा होतो. म्हणून महात्मा फुले, आगरकर, हरिभाऊ आपटे, साने गुरुजी यांचे लेखन आज कोणीही छापू शकतो, संगणकावर ठेवू शकतो.

केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ ही योजना मंजूर केली. तीन वर्षांसाठी ६००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३,००० नियतकालिके, आणि त्यांचा लाभ सरकारी उच्चशिक्षण व संशोधन संस्थांना. चांगले झाले. लहान गावातल्या सरकारी महाविद्यालयालाही आता मोठ्या संस्थेइतके वाचायला मिळते. परंतु वर्गणी आणि मुक्त प्रवेश यांत घोटाळा करू नये. वर्गणी भरली म्हणजे संस्थेतल्यांना दार उघडले. शेतकऱ्याला, जिल्हा परिषदेच्या शाळेतील बाईंना ते बंदच राहिले. मुक्त प्रवेश म्हणजे मुळात दारालाच कुलूप नसणे.

येथे दोन गोष्टींचा मेळ घालावा लागतो. गावाचा आवाज ग्रंथालयात आला, आणि ग्रंथालय सर्वांना खुले झाले. मग गावातले सारे बोलणे जगापुढे मांडायचे काय? नाही. खुले करणे म्हणजे चव्हाट्यावर मांडणे नव्हे. विहिरीवर आपला अपमान कोणी केला, हे एखादी आजी नावानिशी सांगते. ती नावे आजही त्याच गावात नांदत असतात. तिचे बोलणे दुसऱ्या दिवशी गावभर मोबाईलवर फिरले, तर त्रास अभ्यासकाला होणार नाही, तिच्या नातवंडांना होईल. म्हणून आधी परवानगी घ्यावी. नुसता अंगठा नको. हे कोण ऐकेल, कोठे ठेवले जाईल, ते तिच्या भाषेत समजावून सांगावे. कोणता भाग खुला, कोणता फक्त ग्रंथालयात बसून ऐकायचा, कोणता काही वर्षे बंद ठेवायचा, हे तिने ठरवावे. आणि उद्या तिचे मन बदलले, तर ते मानावे. शब्द तिचे आहेत. ग्रंथालय त्यांचे फक्त राखणदार.

याच्या उलट बाजूही पाहा. १९९५ साली अमेरिकेत हळदीच्या जखम भरून काढण्याच्या गुणावर पेटंट दिले गेले. आपल्या घरात आजी बोट कापलेल्या पोराला जी चिमूट लावते, तीच ही हळद! आपल्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने त्याला आव्हान दिले, डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा तिचे प्रमुख होते. १९९७ साली ते पेटंट रद्द झाले. पण कशावर? आजीच्या तोंडच्या शब्दावर नव्हे. तेथे छापील पुरावा लागत होता. जुने ग्रंथ आणि लेख शोधून पुढे ठेवले, तेव्हा निकाल लागला. जे फक्त तोंडी राहते, ते गरजेच्या वेळी पुराव्याला उभे राहत नाही. म्हणून नोंद झाली पाहिजे, ती सांगणाऱ्याच्या नावाने झाली पाहिजे, आणि त्याच्या संमतीने झाली पाहिजे.

तर श्रोतेहो, यात प्रत्येकाच्या वाट्याला थोडे थोडे काम येते. महाविद्यालयांनी आठवड्यातून एक दुपार तरी आपले ग्रंथालय गावकऱ्यांना आणि शिक्षकांना खुले ठेवावे, आणि त्यात आपल्या पंचक्रोशीसाठी एक कपाट राखावे. शाळेतल्या गुरुजींनी आणि बाईंनी सातवी-आठवीच्या मुलांना सुटीत निबंधाऐवजी एवढेच काम द्यावे, की घरातल्या सर्वांत वृद्ध माणसाला बहात्तर साली आपण काय खाल्ले ते विचारा आणि त्याच्याच शब्दांत लिहून आणा. आणि घरातल्या वडीलधाऱ्यांनी, नातू कागद घेऊन पुढे बसला, तर “आमचं काय लिहायचंय त्यात” असे म्हणून त्याला उठवून देऊ नये. जे आहे ते सांगावे. लिहिण्याजोगे काय आणि नाही काय, हे पुढच्या पिढीला ठरवू द्यावे. पण तिला ते ठरवता यावे म्हणून आज ते शिल्लक तरी राहिले पाहिजे.